रस्ता मोकळा

आमच्या घरात सकाळी दोन गोष्टी कधी हुकायच्या नाहीत. एक बुद्धवंदना आणि दुसरी रस्त्याची बातमी. वंदना सगळ्या घराची, बातमी फक्त यांची.

हे म्हणजे माझे मिस्टर, रामदास मेश्राम. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, पण यांची उभी नोकरी पुण्यात तारखात्यात गेली. तारेत शब्द मोजून लिहायचा असतो, त्यामुळे यांचं बोलणंही मोजकंच. लग्नानंतर मी पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा यांनी पत्र नाही पाठवलं, तार केली. दारात तारवाला बघून माझ्या आईने आधी रडून घेतलं आणि मग तार वाचायला दिली. आत लिहिलं होतं, 'तांदूळ संपले.' म्हणजे लवकर ये. पुढे तारा बंद झाल्या, हे निवृत्त झाले, सवय मात्र सुटली नाही. आणखी एक सांगायला हवं. या माणसाने आयुष्यात खोटा शब्द काढला नाही. शेजारच्या बाईंनी खीर कशी झाली म्हणून विचारलं तरी हे खरं सांगायचे, आणि मग निस्तरायला मी.

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याला लागून आमची सोसायटी आहे आणि आम्ही आठव्या मजल्यावर राहतो. बाल्कनीतून रस्ता लांबवर दिसतो. समोर एक जुना वड आहे. त्या वडाच्या आडोशाला वाहतूक पोलिसांची स्पीडगन लावलेली गाडी येऊन उभी राहायची. रोज नाही आणि ठरावीक वेळेलाही नाही, त्यातच सगळी गंमत होती. गाडी चालवणाऱ्याला ती अगदी तोंडाशी आल्यावर दिसायची, आम्हाला मात्र वरून फांद्यांमधून तिचं पांढरं छत दिसायचं. वडाच्या पलीकडे दुभाजकाला लोकांनीच पाडलेली एक फट आहे. तिला सगळे फाटा म्हणतात आणि तिथूनच रस्ता ओलांडतात. ती जागा तेवढी आम्हाला झाडामागे झाकली जाते, आणि फाट्यावरूनही वडाआडची पोलिसांची गाडी दिसत नाही.

आमच्या खाली सहाव्या मजल्यावर नम्रता आणि तिचा मुलगा शौनक राहतात. शौनक खराडीला नोकरी करतो. मुलगा गुणी. यांच्या गुडघ्याचा पट्टा तोच आणून द्यायचा, आमचा टीव्ही बिघडला की तोच बघायचा. स्पीडगनमुळे त्याच्या घरी एकामागून एक चलनं यायला लागली तेव्हा त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप काढला. नाव 'मामा कुठे?' मामा म्हणजे ट्रॅफिक पोलीस, पुण्यात ते सगळ्यांचेच मामा. कुणाला गाडी दिसली की त्याने लिहायचं, बाकीच्यांनी वेग कमी करायचा. आमची बाल्कनी पाहिल्यावर शौनकच्या लक्षात आलं की आठव्या मजल्यावर एक काका सकाळभर रिकामे बसलेले आहेत. त्याने यांना ग्रुपमध्ये घेतलं.

निवृत्त झाल्यापासून हे घरात पाहुण्यासारखे वावरत होते. या ग्रुपने त्यांना पुन्हा कामावर घेतलं. सकाळी वंदना झाली की चष्मा पुसून बाल्कनीत. छत दिसलं की लिहायचे, 'गाडी उभी.' छत हललं की लिहायचे, 'रस्ता मोकळा.' जे लिहायचे तेच मोठ्याने म्हणायचेही, जुनी सवय. त्यावर पटापट अंगठे यायचे, थँक्यू काका यायचं. बघता बघता आसपासच्या सोसायट्या ग्रुपमध्ये आल्या. लिफ्टमध्ये अनोळखी माणसं यांना नमस्कार करायला लागली. मी म्हणायचे, उंटावरून शेळ्या हाका. पण यांचा चेहरा खुललेला असायचा आणि ते मला बरंही वाटायचं.

रस्त्यावर वेगमर्यादेचा बोर्ड आहे, चाळीसचा. तो बऱ्याचदा कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्समागे असतो, पण उघडा असता तरी फार फरक पडला नसता. पुण्यात वेगमर्यादा ही दुसऱ्यासाठी असते. चाळीसने चाललेला माणूस म्हणजे एक तर शिकाऊ, नाहीतर सासऱ्यांना घेऊन निघालेला जावई. नम्रता म्हणायची, आमचा शौनक जोरात चालवतो पण हात पक्का आहे त्याचा. माझा मुलगा चेतन म्हणायचा, अपघात हळू चालवणारे करतात. त्याची गाडीही रोज याच रस्त्याने खराडीला जायची आणि वड आला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर यायचा, वड मागे पडला की निघायचा. मीसुद्धा लग्नाला उशीर झाला की यांच्या पाठीवर बोट टोचून जरा ओढा म्हणणारी. दुसऱ्याला नावं कशाला ठेवा.

आमच्या घरात एकच माणूस या सगळ्यावर चिडायचं. दीक्षा, माझी सून.

दीक्षा वर्ध्याची, हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. कंपनीची बस रस्त्याच्या पलीकडे थांबायची, म्हणजे तिला रोज तो फाटा ओलांडावा लागायचा. यांची आणि तिची भलतीच गट्टी होती. हे 'गाडी उभी' म्हणाले की ती स्वयंपाकघरातून रेडिओवरच्या बातम्यांच्या आवाजात म्हणायची, 'रामदास मेश्राम आपल्याला बातम्या देत आहेत.' मी हसले तर हे माझ्यावर रागवायचे, तिच्यावर कधीच नाही. मला मुलगी नाही. असती तर ती दीक्षाइतकी उद्धट असावी असं मला वाटायचं.

एका संध्याकाळी जेवताना तिने यांच्यापुढे विषय काढला. नेहमीसारखी थट्टा नव्हती. ती म्हणाली की पोलिसांची गाडी असते तेव्हा सगळे शाळेत आल्यासारखे चालतात आणि मी आरामात पलीकडे जाते. तुम्ही रस्ता मोकळा लिहिलंत की पाच मिनिटांत जे सुटतात, त्यांच्यासमोर पाय टाकायची भीती वाटते. तेव्हा माझी बस येईपर्यंत तरी ते लिहू नका. गाडी गेली असली तरी.

यांनी घास खाली ठेवला. म्हणाले की मी ते लिहिलं नाही तर लोक समजणार की गाडी उभी आहे. म्हणजे खोटंच झालं.

"मग होऊ द्या ना खोटं," दीक्षा म्हणाली. "खरं तर असं करा, गाडी आली नसेल त्या दिवशीही उभी म्हणून लिहा. कुणाचं काय बिघडणार आहे? हळू जातील एवढंच."

हे खोटं लिहिणार नव्हते. रोज सकाळी पंचशील म्हणतो ते काय तोंडाची वाफ दवडायला, असं त्यांनी विचारलं. मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही, असं म्हणून उठायचं आणि बाल्कनीत जाऊन खोटं लिहायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं. शिवाय त्यांचं जुनं तत्त्व होतंच. तार आपण लिहीत नाही, पोचवतो. ती वाचून कुणी कसं वागायचं ते त्याचं त्याने बघावं. झेब्रा पट्ट्यांसाठी मी महापालिकेला अर्ज केलाय, आठवणीचं पत्रही दिलंय, ते काम रीतसर होईल.

दीक्षाने एक बोट वर केलं. "बाबा, शीलांमध्ये पहिलं कुठलं येतं?"

पाणातिपाता वेरमणी. जीव घेणार नाही. आमच्या घरात लहान मुलालाही पाठ असतं.

"आणि खोटं बोलणार नाही हे?"

"चौथं," हे म्हणाले. "पण पाचही सारखीच."

चेतन मध्ये पडला. बाबांचा एवढा एक विरंगुळा आहे, कशाला मोडता घालतेस, असं काहीतरी म्हणाला. दीक्षाने ताट उचललं आणि जाता जाता फोन काढून त्या ग्रुपमधून बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी यांना ते दिसलं, 'दीक्षाने ग्रुप सोडला.' यांना वाईट वाटलं. दोघांमधलं प्रेम काही कमी झालं नाही. तिने संध्याकाळी येताना यांच्यासाठी जांभळं आणली, यांनी ती धुऊन मीठ लावून तिलाच आधी दिली. विषय मात्र पुन्हा कुणी काढला नाही.

त्यानंतर पंधरवडा गेला असेल.

त्या सकाळी वंदना आटोपून हे बाल्कनीत गेले आणि लगेच आवाज आला, "गाडी उभी." दीक्षा गळ्यात घालायचं ओळखपत्र शोधत घरभर फिरत होती. ते ऐकून ती म्हणाली, बरं झालं, आज निवांत जाते. ओळखपत्र फ्रिजवर सापडलं. डब्यात कारलं आहे म्हटल्यावर तिने तोंड वाकडं केलं आणि मला म्हणाली, "आई, कारलं पण गाडी उभी असेल त्या दिवशीच देत जा, एका दिवशी एकच संकट झेपतं." मी तिला जा म्हटलं. हो, जा असंच म्हटलं. आपल्यात येते म्हणायचं असतं, ये म्हणायचं असतं. घाईत राहून गेलं.

मी दार लावून कढईकडे वळले. लिफ्ट वरून खाली जाताना मजल्यामजल्यावर थांबते, तेव्हा ती अजून इमारतीतच असेल. बाल्कनीतून यांचा आवाज आला, "रस्ता मोकळा." पोलिसांची गाडी त्या दिवशी आल्या पावली निघून गेली होती. मी ते शब्द ऐकले. कुकरची शिट्टी ऐकावी तसे ऐकले आणि सोडून दिले.

आता विचार करते. त्या वेळी रस्त्यावर जो जो होता त्याला माहीत होतं की पोलीस गेले. गाडीवाल्यांना माहीत होतं, सोसायट्यांना माहीत होतं, बाल्कनीत हे आणि स्वयंपाकघरात मी, आम्हाला माहीत होतं. माहीत नव्हतं फक्त तिला, कारण तिने ग्रुप सोडला होता आणि घरातून निघताना तिने शेवटचं ऐकलं होतं ते 'गाडी उभी.' खोटं न बोलणाऱ्या सासऱ्याच्या शब्दावर ती निर्धास्त चालत गेली.

टायर घासल्याचा आवाज आला, आणि त्याच्या मागोमाग दुसरा. तो दुसरा कसा होता ते मी सांगणार नाही.

हे कठड्यावरून वाकले. वडामुळे काही दिसत नव्हतं, नुसती माणसं पळत जाताना दिसत होती, रिक्षा थांबत होत्या. एक गाडी कुणाला तरी घेऊन हॉर्न वाजवत निघाली. मग दोन पोलीस मोटरसायकलवर आले. यांनी फोन उचलला आणि लिहिलं, तोंडाने म्हणतही होते, "फाट्यावर अपघात. पोलीस आहेत. आतल्या रस्त्याने जा." आवाजात काम चोख झाल्याचं समाधान होतं. मी तिथेच होते, मी तो आवाज ऐकला आहे. फोन टिंग टिंग वाजायला लागला. थँक्यू काका. वेळेवर सांगितलंत. वाचलो. हे मला म्हणाले, बघ, पहिला अंगठा आपल्या चेतनचा.

मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, दीक्षाला फोन लावा. बसमध्ये बसली असेल, म्हणाले, पण लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तेवढ्यात आमचा इंटरकॉम वाजला. गेटवरचा पोपट होता, चऱ्होलीकडचा माणूस, एरवी इंटरकॉमवरही ओरडून बोलणारा.

"वैनी, खाली या," तो हळू म्हणाला. "आपली दीक्षाताई हाय."

आम्ही कसे खाली गेलो ते मला आठवत नाही. फाट्यावर तिची एक चप्पल होती आणि डबा. डबा उघडला नव्हता, साधा वाकलासुद्धा नव्हता. त्या डब्याचा मला आजही संताप येतो. कुणीतरी म्हणालं, ज्याने उडवलं त्यानेच उचलून दवाखान्यात नेलंय, भला मुलगा आहे. पोपटने रिक्षा केली आणि तो गेट सोडून आमच्याबरोबर आला.

हॉस्पिटलमध्ये आमच्याशी बोलायला डॉक्टर बाहेर आल्या. तरुण होत्या, दीक्षाच्याच वयाच्या. त्यांनी आधी आम्हाला बसायला सांगितलं, आणि बसा म्हटल्यावर मला कळलं. पुढचं त्या सांगत होत्या, मी त्यांच्या गळ्यातलं ओळखपत्र बघत होते. हे उभेच राहिले. डॉक्टरांनी सांगून झाल्यावर हे म्हणाले, "पुन्हा सांगा." त्यांनी पुन्हा सांगितलं. तारखात्यात वाईट बातमीची तार दोनदा तपासून घ्यायचे, तसं यांनी ते तपासून घेतलं आणि मग भिंतीला टेकले.

मग मी कॉरिडॉरच्या टोकाला पाहिलं. बाकावर शौनक बसला होता. शर्ट लाल झालेला, हात मांडीवर उताणे ठेवलेले. क्षणभर मला वाटलं, शेजारधर्माला धावून आलाय, किती चांगला पोर. मी त्याच्याकडे जायला निघालेही. दोन पावलांवर त्याच्या शेजारी पोलीस बसलेला दिसला आणि माझे पाय जागच्या जागी राहिले.

पोलीस त्याला विचारत होता, वेग किती होता. ऐंशी असेल, शौनक म्हणाला, रोजच्यासारखाच.

यांना पाहून तो उठला. मला वाटलं, आता पाया पडेल, माफी मागेल, आणि यांनी काय करायचं, मी काय करायचं, हे मला सुचेना.

"काका, मी मेसेज बघूनच निघालो होतो," तो म्हणाला. "तुम्ही लिहिलं होतं ना, रस्ता मोकळा."

त्याने यांच्यावर ढकललं नाही, हे मी शपथेवर सांगेन. मी महापालिकेच्या शाळेत शिकवलंय, मुलांचे आवाज मला कळतात. बाईंनी सांगितलं तेवढं पाठ केलं, तरी नापास कसा झालो, असं विचारणाऱ्या मुलाचा तो आवाज होता. त्याला खरंच कळत नव्हतं. मोकळा रस्ता म्हणजे ज्यावर पोलीस नाहीत तो, एवढंच त्याला माहीत होतं. त्यावर माणसं असतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीही नव्हतं सांगितलं.



चेतन आला. खराडीच्या निम्म्या वाटेवरून परतला होता, आणि परततानाही यांच्या मेसेजप्रमाणे आतल्या रस्त्याने आला होता, फाट्यावर पोलीस आहेत म्हणून. बायकोला बघून बाहेर आला आणि जमिनीवरच बसला. मग त्याने फोन काढला. मला वाटलं, वर्ध्याला तिच्या माहेरी कळवतोय. मी वाकून पाहिलं तर तो ग्रुप उघडून बसला होता. अपघाताच्या मेसेजखाली त्याने दिलेला अंगठा त्याने काढला. थोड्या वेळाने परत लावला. परत काढला. मी हात धरून फोन काढून घेईपर्यंत त्याचं तेच चाललं होतं.

पोलिसांनी यांचा जबाब घेतला. यांनी काहीही लपवलं नाही. ग्रुपचं नाव सांगितलं, आपण काय लिहितो ते सांगितलं, त्या सकाळी कधी काय लिहिलं ते दाखवलं. लिहून घेणाऱ्या साहेबाने ते सगळं वाचलं. मग म्हणाला की तुम्ही जे आहे तेच लिहिलंत आजोबा, खोटं तर काही लिहिलं नाही. हे बाहेर आले आणि पायरीवर बसून मोठ्याने रडले. पुढे कायदा काय करायचा ते करेल. पण त्या साहेबाने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

दीक्षाच्या पुण्यानुमोदनाला घर भरलं होतं. नम्रता येऊन दाराशी उभी राहिली, आत यावं की नाही तिला कळेना. मी तिला आत घेतलं. का घेतलं ते मला विचारू नका. तिचा मुलगा कोठडीत होता, माझी सून फोटोत होती, आणि आम्ही दोघींनी मिळून कधीकाळी गच्चीवर पापड वाळवले होते. भंतेजींनी पंचशील द्यायला सुरुवात केली. सगळे मागून म्हणत होते. पाणातिपाता वेरमणी. यांचा आवाज पहिल्याच ओळीवर थांबला. बाकीचे पुढे गेले, हे तिथेच राहिले.

ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले, कमळं वाहिली. भावपूर्ण श्रद्धांजली, अतिशय दुःखद, शब्द नाहीत. शब्द नव्हते तरी ते दोन दिवस पुरले. मग एका सकाळी कुणीतरी लिहिलं, 'आज मामा आहेत का वडाखाली?' त्याखाली दुसऱ्याने लिहिलं, 'काकांना सध्या त्रास देऊ नका प्लीज. समोरच्या विंगमधून कुणाला दिसतंय का?' त्यालाही अंगठे होते. मी ते वाचलं आणि फोन उचलून भिंतीवर मारावासा वाटला. माणसं वाईट नव्हती हो. यातल्याच कितीतरी जणांनी आम्हाला डबे आणून दिले होते. त्यांना नुसतं कामावर वेळेत पोचायचं होतं. मला त्याचीच धडकी भरली.

यांनीही वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा वंदनेला पांढरा सदरा घातला. इतके दिवस त्यांनी वंदना केली नव्हती, मी एकटीच करत होते. आम्ही दोघं बसलो. चेतन त्याच्या खोलीतून बाहेर आला नाही. पाणातिपाता वेरमणी, यांनी पूर्ण म्हटलं. चोरी करणार नाही, म्हटलं. तिसरंही म्हटलं. चौथं आलं आणि हे गप्प राहिले. मला वाटलं, हुंदका आला असेल, मी थांबले. हे माझ्याकडे न बघता थेट पाचव्यावर गेले. मुसावादा वेरमणी मी एकटीनेच म्हटलं.

उठून हे बाल्कनीत गेले. मला ते बघवेना, आणि सोडूनही जाववेना. मी मागोमाग गेले. चष्मा पुसला, वडाकडे पाहिलं. मीही पाहिलं. फांद्यांमध्ये पांढरं छत नव्हतं. खाली मागे जशा सुटायच्या तशा गाड्या सुटल्या होत्या, दीक्षा पडली त्या जागेवरून, तिच्या अंगावरून म्हणा. दिसत होता तेवढा रस्ता नेहमीसारखाच होता, कुठे खूणसुद्धा नव्हती.

यांनी लिहिलं, 'गाडी उभी.' या वेळी तोंडाने म्हटलं नाही.

"अहो," मी म्हटलं, "गाडी नाहीये तिथे."

"दीक्षाने सांगितलं होतं," हे म्हणाले.

फोन टिंग टिंग वाजायला लागला. काका, तुम्ही परत आलात, बरं वाटलं. थँक्यू काका. आणि खाली रस्ता बदलायला लागला. आधी एक गाडी हळू झाली, तिच्या मागची चिडून हॉर्न देत हळू झाली, मग दोन्ही बाजूंनी सगळ्याच मुकाट चालायला लागल्या. ज्यांनी मेसेज वाचला नव्हता तेही पुढच्याचं बघून हळू झाले. कंपनीची बस पलीकडे येऊन थांबली होती. पाठीवर लॅपटॉपची बॅग घेतलेली एक मुलगी फुटपाथवरून वडाच्या दिशेने गेली, झाडामागे दिसेनाशी झाली, आणि मग पलीकडे निघाली. धावत नव्हती. कानाला फोन लावून आरामात चालली होती.

एवढंच करायचं होतं. दोन शब्द. मी यांचा दंड धरला तो आधाराला की रागाने, मला सांगता येणार नाही. माझी नखं रुतली असतील, पण यांनी हात सोडवून घेतला नाही. ती मुलगी बसमध्ये चढली, दार लागलं, बस हिंजवडीच्या वाटेला लागली. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो.